सात तारखेची सुट्टी

नोव्हेंबरच्या शेवटी एब ड्युक आपल्याच गोठ्याच्या दारात बर्फावरून घसरला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. पडायला त्याने वेळही अशी निवडली की आदल्याच आठवड्यात त्याचा दुसरा गडी ट्रक चालवायला म्हणून अल्बर्टा प्रांतात निघून गेला होता. आता सत्तर गाई, तीस वासरं आणि धड दोन हातांचा माणूस एकच, किब्रोम.

किब्रोम पहाटे पाचला गोठ्यात शिरायचा तो साडेनऊला बाहेर यायचा. पुन्हा दुपारी चारला आत जायचा, तो आठला सुटायचा. मधल्या वेळात शेण ओढायचं, चारा टाकायचा, पाणी प्यायच्या भांड्यांत साचलेला बर्फ लोखंडी कांबीने फोडायचा. बाहेर उणे पस्तीस. नाकातले केससुद्धा ताठ व्हायचे. हाताला भेगा पडल्या होत्या आणि कास धुवायच्या औषधाने त्या अशा चुरचुरायच्या की तो दातावर दात रोवून काम करायचा. एब प्लास्टरचा हात छातीशी धरून मागे मागे फिरायचा आणि सूचना द्यायचा. मोडका हात एक वेळ परवडला, पण त्या माणसाचं तोंड शाबूत होतं.

किब्रोम एरिट्रियाचा. कॅनडात येऊन त्याला तीन वर्षं झाली होती. पहिली दोन एका कारखान्यात रात्रपाळी करण्यात गेली आणि दोन्ही वर्षी त्याचा नाताळ त्या रात्रपाळीतच बुडाला. त्याच्या लोकांचा नाताळ जानेवारीच्या सात तारखेला. त्याआधी त्रेचाळीस दिवस उपास. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. रोज दोन हजार लिटर दूध काढायचं आणि त्यातला थेंब जिभेला लावायचा नाही, हे काय असतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. सहाच्या संध्याकाळी विनिपेग शहरातल्या चर्चमध्ये त्याची माणसं जमतात, रात्रभर उभ्याने प्रार्थना होते, आणि सकाळी सगळे मिळून उपास सोडतात. यंदा काही झालं तरी तिथे जायचंच असं त्याने उन्हाळ्यातच ठरवलं होतं. दुसरं काही तो मागत नव्हता.

पंचवीस डिसेंबरच्या पाच दिवस आधी, संध्याकाळची धार चालू असताना, त्याने एबला गाठलं.

"एब, मला सहा तारखेची संध्याकाळ आणि सातचा दिवस सुट्टी पाहिजे."

धार काढायच्या यंत्रांचा पंप धडधडत होता. एबने कान पुढे केला. "काय?"

"सहा आणि सात! जानेवारी!"

"सातला काय आहे?"

"आमचा नाताळ."

एब हसला. "नाताळ पंचवीसला असतो, लेका."

"तुमचा. आमचा सातला. मी ख्रिश्चन आहे, एब. ऑर्थोडॉक्स. हे मी तुम्हाला आधीपण सांगितलंय."

"बरं बरं," एब म्हणाला. "एक्केचाळीस नंबरला औषध टोचलंस का? कासेतली दगडी वाढलीय तिची. तिचं दूध टाकीत जाऊ देऊ नकोस, नाहीतर सगळी टाकी ओतावी लागेल."

एक्केचाळीसच्या पायात किब्रोमने दोन दिवसांपूर्वीच लाल पट्टी बांधली होती. त्याने ती बोटाने दाखवली. एब मान डोलावत पुढच्या गाईकडे गेला.

रात्री एबने बायकोला, लोर्नाला, जेवताना सांगितलं की गडी स्वतःला ख्रिश्चन म्हणवतोय.

"बिचारा," लोर्ना म्हणाली. "आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल. त्याला सांग, आमच्याकडे असं काही म्हणायची गरज नाही."

लोर्नाला दोष तरी किती द्यायचा? ऑगस्टमध्ये किब्रोम नवा नवा कामाला आला तेव्हा तिने त्याला डुकराच्या मांसाचा पाव दिला होता. त्याने तो हात न लावता परत ठेवला आणि म्हणाला, "आमच्यात डुक्कर खात नाहीत." आदल्याच वर्षी गावातल्या चर्चने एक सीरियन कुटुंब आणून वसवलं होतं, आणि त्या निमित्ताने लोर्ना तीन संध्याकाळी वर्गाला बसली होती. मुसलमानांशी कसं वागावं, काय विचारू नये, काय वाढू नये, सगळं तिने वहीत लिहून घेतलं होतं. डोक्यात कप्पा तयारच होता. किब्रोम आला आणि त्यात जाऊन बसला. एकदा बसवलेला माणूस मग तिथून उठायला गेला तरी उठू देत नाहीत.

पंचवीसच्या जेवणाचं बोलावणं लोर्नाच्या मोठ्या बहिणीकडून आलं. हिल्डा तिचं नाव, राहायची शेजारच्या गावात. तिने किब्रोमला कधी पाहिलेलंही नव्हतं. पण सणाच्या दिवशी कुणी परका माणूस गोठ्यावरच्या खोलीत एकटा जेवतोय हे कळलं की या बाईच्या घशाखाली घास उतरत नसे. "त्याला आणलं नाहीस तर तूही येऊ नकोस," असा तिने बहिणीला फोनवर दम दिला.

किब्रोमने विचार केला, बरंच झालं. तिथे एब मोकळा असेल, पंपाचा आवाज नसेल. सातचं तिथे बोलू.

सकाळची धार उरकून, तीनदा साबण लावून, तरीही अंगाला गोठ्याचा वास घेऊन तो हिल्डाच्या दारात उभा राहिला. आत सोळा-सतरा माणसं होती. हिल्डाने त्याचा भेगाळलेला हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"ये ये. हे तुझंच घर समज. काही संकोच करू नकोस."

तिने त्याला आधी मागच्या खोलीत नेलं. तिथे जमिनीवर स्वच्छ धुतलेला गालिचा अंथरला होता, शेजारी घडी घातलेला टॉवेल. भिंतीवर कागदाचा एक बाण चिकटवला होता.

"मक्का त्या बाजूला," हिल्डा हळूच म्हणाली. "माझ्या नवऱ्याने, पीटने, फोनवर बघून लावलाय. तुझी वेळ झाली की खुशाल ये. कुणी आत येणार नाही."

किब्रोम त्या बाणाकडे बघत राहिला. त्याला हसावं की रडावं ते कळेना. "बाई, मी मुसलमान नाही. मी ख्रिश्चन आहे."

हिल्डाने त्याच्या दंडावर थोपटलं. "या घरात कुणी कुणाची परीक्षा घेत नाही रे. तू जसा आहेस तसा बस."

"मी तसाच आहे!" त्याचा आवाज जरा चढला. त्याने मानेशी बोट घालून काळा दोरा बाहेर ओढला. दोऱ्यात लाकडी क्रूस होता.

"छान आहे," हिल्डा म्हणाली. "इथल्या चर्चमध्ये दिला का कुणी?"

"आईने बांधला. मी चाळीस दिवसांचा होतो तेव्हा."

हिल्डाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुणीतरी हाक मारली, भट्टीतलं काहीतरी करपत होतं, आणि ती पळाली.

टेबलाशी सगळे बसले तेव्हा किब्रोमच्या लक्षात आलं की भिंतीशी एक कपाट आहे आणि त्याच्या दाराच्या फटीतून मातीच्या मेंढराचं तोंड बाहेर आलंय. गव्हाणीचा सगळा देखावाच आत कोंबला होता. जेवणाआधी ही माणसं चार सुरांत उभ्याने प्रार्थना गातात, हे त्याला लोर्नाकडून ऐकून माहीत होतं. गेले चार महिने त्याने माणसांच्या तोंडून प्रार्थना ऐकली नव्हती. निदान तेवढी तरी कानावर पडेल अशी त्याला आशा होती. हिल्डाचा नवरा पीट उठला, खाकरला, आणि म्हणाला, "आज पाहुणे आहेत, तेव्हा आपण मनातल्या मनात करू." सगळ्यांनी माना खाली घातल्या. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं.

मग वाढणं सुरू झालं. लोण्यात घोळलेले बटाटे, सायीतला वाटाणा, दुधातले पाव, वाळल्या फळांचं गार सार, त्यावरही हिल्डाने सढळ हाताने साय ओतलेली. आणि शेवटी पीटने एक वेगळं ताट आणून किब्रोमपुढे ठेवलं. अख्खी भाजलेली कोंबडी.

"ही खास तुझी," पीट म्हणाला. "विनिपेगला जाऊन आणली. तुमच्या पद्धतीने कापलेली. परवा गेलो होतो."

"दोनशे चाळीस किलोमीटर, जाऊन येऊन," लोर्नाने सांगितलं. "त्या वादळात!"

सगळे किब्रोमकडे बघत होते. कोंबडीचा वास थेट पोटात गेला. पहाटेपासून त्याने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. त्याने सुरी उचलली, खाली ठेवली.

"मी खाऊ शकत नाही. माझा उपास आहे."

"रमजान?" कुणीतरी विचारलं.

पीटने फोन काढला. "रमजान तर उन्हाळ्यातच होऊन गेला."

"रमजान नाही. मी ख्रिश्चन आहे. आमचा उपास सात तारखेपर्यंत आहे."

आता एबची मान लाल झाली. त्याचा गडी, त्याने आणलेला माणूस, आणि मेहुणीच्या घरी हे असं. तो दबक्या आवाजात म्हणाला, "ख्रिश्चन आहेस तर मग खा की. आणि नसलास तरी खा, ती कोंबडी तुमचीच आहे. दोन्हीकडून खायलाच पाहिजे तुला. निदान एक तुकडा! माणसं एवढी राबलीत."

दोन्हीकडून माणूस असा कोंडीत सापडला की त्याने करायचं काय? किब्रोमने टेबलावरच्या टोपलीतलं संत्रं उचललं आणि सोलायला लागला. साल हाताच्या भेगांत झोंबत होती. हिल्डा ताटातला बटाटा काट्याने नुसता कुस्करत होती. तिला वाईट वाटतंय हे त्याला दिसत होतं, आणि त्याचाच त्याला जास्त राग येत होता. उपाशी आपण, खोटे पडलो आपण, आणि वर समजूतही आपणच काढायची!

टेबलाच्या टोकाला हिल्डाची आई बसली होती. वय चौऱ्याऐंशी. सगळे तिला ओमा, म्हणजे आजी, म्हणत. बहिरी आहे, काही कळत नाही, असं धरून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तिने चमचा टेबलावर आपटला.

"त्याला सोडा की रे! उपास आहे त्याचा. यांचा नाताळ व्हायचाय अजून."

"ओमा, तू जेव," लोर्ना म्हणाली.

"जेवतेय. मार्फापण असंच करायची."

"कोण मार्फा?"

"युक्रेनात राहायचो तेव्हाची आमची शेजारीण. याच्यासारखीच ऑर्थोडॉक्स. आई तापाने पडली होती तेव्हा आमची गाय तीच पिळायची. बोटाला लागलेलं दूध फडक्याला पुसायची, चाटायची नाही. खायला तर तिच्या घरी काही नव्हतं. मी सात वर्षांची. मला वाटायचं, हिला आमचं दूध घाण वाटतं. एकदा थुंकले मी तिच्यावर." ओमाने तोंड पुसलं. "मग नवं वर्ष गेलं, यांचा नाताळ झाला, आणि त्या सकाळी आईने तिला भांडं भरून दूध दिलं. उभ्या उभ्या प्यायली. सगळं. श्वास न घेता."

ओमाने किब्रोमला विचारलं, "सातलाच ना रे, पोरा?"

"सातलाच, ओमा."

मग जे झालं ते तर आणखी अवघड होतं. हिल्डा स्वयंपाकघरात जाऊन रडली. पीटने भिंतीवरचा बाण काढून चुरगळून खिशात घातला. कपाट उघडून गव्हाण बाहेर आली, मेंढरं पुसली गेली, आणि मग सगळ्यांनी उभं राहून एकामागून एक सहा गाणी म्हटली, चार सुरांत, जोरजोरात, सगळी किब्रोमकडे तोंड करून. गाणं चांगलं होतं. पण प्रत्येक गाणं संपलं की तो तोंड उघडायचा, "सात तारखेला मला," आणि तोवर पुढचं सुरू व्हायचं. असे साडेतीन वाजले आणि गाईंची वेळ झाली.

परत येताना गाडी किब्रोम चालवत होता. एब शेजारी प्लास्टर मांडीवर घेऊन बसला होता.

"आधी का नाही बोललास?"

"तीनदा बोललो. गोठ्यात."

"तिथे पंप चालू असतो."

"मग सातचं काय?"

एब खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर सपाट पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. "धार कोण काढणार, किब्रोम?" तो म्हणाला. या वेळी तो खरंच विचारत होता.

एबने प्रयत्न केले नाहीत असं म्हणता येणार नाही. पुढच्या आठवड्यात त्याने सहा ठिकाणी फोन केले. कुणाचा मुलगा आजारी, कुणाच्या स्वतःच्या गाई व्यायला आल्या होत्या, कुणी एवढ्या थंडीत दारही उघडायला तयार नव्हतं. तीन तारखेला लोर्ना गोठ्यात आली ती खुललेल्या चेहऱ्याने.

"सुटलं सगळं! हिल्डाने मार्ग काढलाय. तुला कुठे जायलाच नको. सातला दुपारी आम्ही सगळे इकडेच येतो. तुझा नाताळ आपल्याच घरी करू!"

किब्रोमच्या हातातली बादली खाली आली. "मला जेवण नकोय. मला दिवस पाहिजे."

"अरे, दिवसच तर करतोय आम्ही तुझा."

"रात्रभर चर्चमध्ये उभं राहायचं असतं. माझ्या माणसांबरोबर. ते इथे कसं होणार?"

लोर्नाचा चेहरा पडला. एब मध्ये आला. "हिल्डाला हे सांगू नकोस बाबा. त्या दिवसापासून ती धड झोपली नाहीये. आता कुठे जरा सावरलीय." आणि मग, जणू काही गोष्ट मिटलीच, "एक्केचाळीसची सूज उतरली का बघ."

एक्केचाळीसची सूज उतरली नव्हती. सहाच्या संध्याकाळी आठपर्यंत तो तिची कास गरम पाण्याने शेकत बसला. डावीकडचं मागचं सड दगडासारखं लागत होतं. विनिपेगमध्ये त्या वेळी पांढरी वस्त्रं पांघरून माणसं आत शिरत असतील, ढोल बाहेर निघत असतील. त्याने गाईच्या पोटाला डोकं टेकलं आणि पाठ होतं तेवढं म्हटलं. निम्म्यात विसरला. दुसऱ्या कुणी सुरू केल्याशिवाय ते पुढचं आठवतच नाही. पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं आणि पुन्हा तिथेच अडला.

सातला दुपारी एबच्या घरी पंधरा माणसं जमली. थंडी फार म्हणून ओमाला तेवढं आणलं नव्हतं. हिल्डाने किब्रोमला दारातच मिठी मारली. "आज बघ. आज काहीही चुकलेलं नाही."

टेबलावर उकडलेले बटाटे होते, कोरडे. पाण्यात शिजवलेला घेवडा, मीठ घातलेला. फळांचं सार, साय न घातलेलं. पाणी आणि यीस्ट एवढ्यावर भाजलेला पाव, वीट बरी इतका कडक. लोण्याचा तुकडाही कुठे दिसत नव्हता. आणि किब्रोमच्या एकट्याच्या नव्हे, पंधराही ताटांत तेच.

"आम्हीपण तुझ्याबरोबर पाळतोय," पीट अभिमानाने म्हणाला.

किब्रोम उभाच राहिला. त्रेचाळीस दिवस आज सकाळी संपले होते. चर्चमध्ये लोकांनी या वेळेला मटणाच्या रश्श्यात हात घातले असतील. त्याने मात्र सकाळी काही खाल्लं नव्हतं, जेवायला बोलावलंय म्हणून. तो वाट बघत होता ती लोण्याची. बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याला पंचवीस तारीख आठवली, सहा गाणी आठवली, आणि त्याने तोंड मिटलं. तो वळला आणि लोर्नाचा फ्रीज सरळ उघडला. परवानगी विचारली नाही. आत काचेचा मोठा जग होता, सकाळच्याच धारेचा. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. दूध हनुवटीवरून शर्टात उतरत होतं. जग अर्धा झाला, पाव झाला, रिकामा झाला. तो त्याने टेबलावर ठेवला.

"उपास सुटला आज," तो म्हणाला. "आज खायचं असतं. सगळं खायचं असतं."

हिल्डा त्या जगाकडे बघत होती. "ओमाने सांगितलं होतं," ती म्हणाली. "दुधाचं भांडं. तिने तेही सांगितलं होतं. मी अर्धंच ऐकलं."

"सगळे अर्धंच ऐकता तुम्ही," किब्रोम म्हणाला. "मी दिवस मागितला होता."

एब उठला, दाराशी गेला आणि एका हाताने बूट ओढायला लागला.

"संध्याकाळची धार आम्ही काढतो. पीट, चल. हिल्डा, लहानपणी काढायचीस ना तूही? चला सगळे. किब्रोम, तू बस. तुझा सण आहे."

"आता?" किब्रोम म्हणाला. "आता काय उपयोग?"

बूट एबने तरीही घातलेच. पाहता पाहता सगळ्यांनीच घातले. कुणाला मिळाले, कुणी जुने शोधले. लोर्नाने जाता जाता लोण्याचा गोळा आणि सुरी त्याच्यापुढे ठेवली आणि तीही वासरांकडे पळाली. दार लागलं. पंधरा ताटं, पंधरा खुर्च्या, आणि मधे किब्रोम एकटा.

त्याने कडक पाव तोडला आणि त्यावर बोटभर जाड लोणी थापलं. खाल्लं. आणखी थापलं. अंगणापलीकडे पंप सुरू झाला. कुणीतरी त्याची झडप अर्धवट उघडी ठेवली होती, आवाज फसफसत होता. त्याचे पाय आपोआप हलले. त्याने ते खुर्चीच्या दांडीत अडकवून ठेवले.

अर्ध्या तासाने फोन वाजला.

"एक्केचाळीसचं काय करायचं?" एब पंपाच्या आवाजावरून ओरडत होता. "हिल्डाने लावलंय तिला मशीन!"

"लाल पट्टी! बादलीत काढा, टाकीत नको! डावं मागचं सड हाताने पिळा!"

"बरं! हां, काढलं, काढलं बाहेर!"

"एब, पुढच्या वर्षी सहाची संध्याकाळ आणि सातचा दिवस मी इथे नसणार!"

"काय?"

किब्रोमने फोन कानापासून दूर धरला आणि डोळे मिटले. पुन्हा सांगायची त्याच्यात ताकद नव्हती. अंगणापलीकडची धडधड अचानक थांबली. चालू धारेत पंप बंद केला की सगळी यंत्रं कासेपासून सुटून खाली शेणात पडतात. ती पुन्हा धुवायची, पुन्हा लावायची, गाई बिथरतात त्या वेगळ्याच. लाथ लागली असावी, हिल्डाची किंकाळी फोनमधून ऐकू आली. कुणीतरी पीटवर ओरडलं. मग तिकडे सगळं शांत झालं.

"आता बोल," एब म्हणाला.

किब्रोमने तोंडातला घास गिळला. "पुढच्या वर्षी. सहाची संध्याकाळ आणि सातचा दिवस. मी विनिपेगला जाणार."

"सहाची संध्याकाळ, सातचा दिवस," एब म्हणाला. "विनिपेग. ऐकलं. आता पंप लावू का?"

"लावा," किब्रोम म्हणाला, आणि त्याने लोणी पुन्हा जवळ ओढलं.